अळिंबीचा अर्क आणि कर्कपेशी: बाहेरून करून घ्यायच्या चाचणीचं परीक्षण, सोलापूरकरांसाठी

सोलापुरात फार्मसी, जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्यांना प्रकल्पासाठी अळिंबी (मशरूम) हा हाताशी असलेला विषय वाटतो. धिंगरी (ऑयस्टर) अळिंबी हिवाळ्यात इथेच पिकते, बटण अळिंबी मंडईत मिळते, अर्क काढायला कॉलेजातलं सॉक्सलेट (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढायचं काचेचं उपकरण) पुरतं. अडतं ते शेवटच्या पायरीवर. कर्कपेशी वाढवायला लॅमिनार फ्लो (निर्जंतुक हवेचं कपाट), कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर, द्रव नायट्रोजनचं भांडं आणि पेशींकडे रोज बघणारा माणूस लागतो. हे सगळं प्रत्येक कॉलेजात नसतं. मग अर्क कुपीत भरून पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या खासगी प्रयोगशाळेकडे जातो आणि काही दिवसांनी पीडीएफ येते: ‘एमसीएफ-७ पेशींवर नमुन्याची आयसी-५० अमुक मायक्रोग्रॅम, क्रिया चांगली’. आयसी-५० म्हणजे पेशी निम्म्यावर आणायला लागणारी मात्रा, आणि एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्कपेशी.

या ‘नमुना द्या, अहवाल घ्या’ सेवेचं हे परीक्षण आहे. कुठल्या एका प्रयोगशाळेचं नाव घेत नाही, कारण उणिवा बऱ्याच ठिकाणी त्याच त्या दिसतात आणि त्या टाळणं बरंचसं नमुना देणाऱ्याच्या हातात आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. यंत्रावरची मोजणी सहसा व्यवस्थित होते. पेशी निगुतीनं वाढवलेल्या असतात, प्लेट नीट वाचलेली असते. कमी पडते ती चौकशी: नमुना कुठून आला, कशावर पिकला, अर्कात रंग किती, तो पाण्यात विरघळतो का, हे फार थोडे जण विचारतात. आणि अहवालातला मजकूर आकड्यांपेक्षा बराच पुढे धावतो. काय मागायचं ते ठाऊक असेल तर ही सेवा पैसे वसूल करून देते. नसेल तर हातात एक आकडा पडतो आणि परीक्षकाच्या दुसऱ्याच प्रश्नाला तो कोसळतो.

नमुना: गडबड कडब्यापासून सुरू होते

सर्वात जास्त वेळ इथे द्या. धिंगरी गव्हाच्या काडावर, सोयाबीनच्या भुसावर, ज्वारीच्या कडब्यावर, कशावरही येते. आपल्याकडे मालदांडीचा कडबा मुबलक, म्हणून तोही वापरला जातो. बेडं भरण्याआधी हा माल निर्जंतुक करायचे दोन मार्ग रूढ आहेत. एक, सुमारे ८० अंशांच्या गरम पाण्यात बुडवून ठेवणं. दुसरा स्वस्त आणि इंधन न लागणारा: १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिलिलिटर फॉर्मेलिन घालून त्यात काड १६ ते १८ तास भिजवणं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं त्यात काही वावगं नाही, प्रशिक्षणातही हेच शिकवतात.

पण हीच अळिंबी कर्कपेशींवर तपासायची असेल तर कार्बेन्डाझिम हा साधासुधा अवशेष उरत नाही. हे बुरशीनाशक बुरशीच्या ट्युब्युलिनला (पेशीविभाजनाला लागणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि पेशीचं विभाजन अडवतं. माणसाच्या ट्युब्युलिनशी त्याची पकड बरीच सैल आहे, पण शून्य नाही. हेच संयुग एफबी-६४२ या नावानं कर्करोगावरचं संभाव्य औषध म्हणून माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत गेलेलं आहे. म्हणजे तुमच्या अर्कानं पेशींची वाढ रोखली तर श्रेय अळिंबीचं की काडाला लावलेल्या औषधाचं, हा प्रश्न खरा आहे. त्यात १० ग्रॅम कोरड्या भुकटीतून १ ग्रॅम अल्कोहोल अर्क निघाला आणि अवशेष सगळा त्यात उतरला, तर त्याचं प्रमाण भुकटीच्या दहापट होतं.

उपाय अवघड नाही. अळिंबी थेट पिकवणाऱ्याकडून घ्या आणि काड कसं निर्जंतुक केलं ते विचारून वहीत लिहा. गरम पाण्याच्या पद्धतीनं पिकवलेलाच माल वापरा. शक्य असेल तर त्याच लॉटचा, तसाच निर्जंतुक केलेला पण बियाणं न लावलेला कडबा आणून त्याचाही अर्क त्याच पद्धतीनं काढा आणि तो स्वतंत्र नमुना म्हणून पाठवा. कडब्याच्या अर्कानंही पेशी मेल्या तर पुढचं सगळं थांबवा. पैसे असतील तर एलसी-एमएसवर (अगदी थोडं रसायनही ओळखणाऱ्या यंत्रावर) अवशेष तपासणी करून घ्या. द्राक्ष आणि डाळिंबाच्या निर्यातीमुळे ही तपासणी आपल्या भागातल्या बागायतदारांना परिचयाची आहे, ती करणाऱ्या प्रयोगशाळा त्यांनाच विचारा. धिंगरी कॅडमियमसारखे जड धातूही ओढून घेते आणि कॅडमियम पेशी मारतं, म्हणून धातूंचा आकडाही सोबत असलेला बरा.

मंडईतून घेतलेल्या पॅकबंद बटण अळिंबीचं वेगळंच. ती शुभ्र दिसावी म्हणून अनेकदा पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यातून काढलेली असते. सल्फाइट क्षपणकारक (रिड्यूसिंग) आहे, आणि रंग बदलावर चालणाऱ्या चाचणीत क्षपणकारक पदार्थ काय घोटाळा करतात ते पुढे येईल.

गुच्छ हातात घेऊन उलटा करून बघा. देठाच्या बुडाशी काडाचे बारीक तुकडे आणि कधी बियाण्यातला ज्वारीचा किंवा गव्हाचा दाणा पांढऱ्या कवकजाळात अडकलेला असतो. हे बूड अर्धा-पाऊण इंच कापून टाका. ते तसंच दळलं तर तुमच्या ‘अळिंबीच्या पॉलिसॅकराइड’मध्ये (लांब साखळीच्या शर्करेत) धान्याचा स्टार्च येतो आणि एकूण साखरेचा आकडा फुगतो.

पावसाळ्यात वारुळावर किंवा गवतात उगवणाऱ्या रानटी अळिंब्यांवर काम करायचं असेल तर ओळख पटवल्याशिवाय एक ग्रॅमही दळू नका. गवतात येणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस खाद्य छत्रीसारखी दिसते, पण विषारी आहे. पूर्ण उमललेल्या टोपीखालचे पडदे हिरवट होतात आणि बीजाणूंचा ठसा हिरवा पडतो, ही तिची खूण. विषारी अळिंबीचा अर्क पेशी उत्तम मारतो आणि अहवालात ‘कर्करोगविरोधी’ ठरतो. ओळखीसाठी आयटीएस क्रमवाचन (जात ओळखायला वापरतात त्या डीएनए-तुकड्याचं वाचन) करून घ्या आणि वाळवलेला नमुना जतन करा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आणि कवकसंग्रहालय आहे, तिथला नोंदणी क्रमांक असला की शोधनिबंधात पुढे प्रश्न राहत नाही.

अर्क: कुपीत काय भरता

ताज्या धिंगरीत साधारण ९० टक्के पाणी असतं, म्हणजे किलोभर मालातून १०० ग्रॅमच्या आसपास कोरडा माल हाती येतो. वाळवण ४० ते ४५ अंशांवर ट्रे ड्रायरमध्ये करा. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर पसरलं तर पटकन वाळतं, पण धूळ बसते आणि अतिनील किरणांनी अर्गोस्टेरॉलचं (बुरशीतल्या मुख्य स्टेरॉलचं) ड-२ जीवनसत्त्व होऊ लागतं. स्टेरॉल हाच तुमचा विषय असेल तर हे वाळवण तुमचं संयुगच बदलून टाकतं.

कुठला अर्क काढायचा ते कुठलं संयुग शोधताय त्यावर ठरतं. स्टेरॉल, अर्गोस्टेरॉल पेरॉक्साइड, फिनॉलिक पदार्थ हवे असतील तर अल्कोहोल किंवा इथाइल अॅसिटेट. बीटा-ग्लुकान (अळिंबीच्या पेशीभित्तिकेतलं पॉलिसॅकराइड) हवं असेल तर आधी अल्कोहोलनं चरबी आणि रंग काढून टाका, उरलेली भुकटी २० पट पाण्यात ९५ अंशांवर दोन-तीन तास उकळा, गाळा, आटवा, थंड झाल्यावर चौपट अल्कोहोल घाला आणि रात्रभर ४ अंशांवर ठेवा. तळाशी बसणारा पांढरट चिवट साका म्हणजे कच्चं पॉलिसॅकराइड. त्यात प्रथिनं असतातच. क्लोरोफॉर्म आणि ब्युटेनॉल ४ः१ या मिश्रणानं ती काढतात, मग डायलिसिस (पडद्यातून लहान रेणू काढून टाकणं), मग लायोफिलायझर (गोठवून वाळवणारं यंत्र). डायलिसिस टाळलं तर साध्या साखरा आणि क्षार राहतात, आणि जास्त मात्रेवर नुसत्या क्षाराच्या ताणानंही पेशी सुकतात.

रोटरी इव्हॅपोरेटर ४० अंशांच्या वर नेऊ नका. अल्कोहोल पुरतं उडालं की नाही हे वजन स्थिर होईपर्यंत बघा. चिकट, ओलसर अर्क पाठवला की प्रयोगशाळा त्याचंच वजन करून ‘१० मिलिग्रॅम’ लिहिते, प्रत्यक्षात त्यात किती अर्क आणि किती द्रावक ते कुणालाच कळत नाही आणि सगळ्या मात्रा चुकतात.

विरघळणं ही दुसरी दुखरी जागा. स्टेरॉल डीएमएसओ या द्रावकात विरघळतात, पण पेशींच्या पाणीदार माध्यमात गेले की पुन्हा बाहेर पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींवर सुईसारखे किंवा धुळीसारखे कण दिसतात. अशा वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) लिहिलेली मात्रा ८० असली तरी पेशीला मिळालेली बरीच कमी असते, शिवाय कण प्रकाश अडवून वाचन वाढवतात. पाठवण्याआधी कॉलेजातच करून बघा: डीएमएसओमधला साठा दोनशेपट किंवा हजारपट पाण्यात टाका आणि उजेडासमोर धरा. गढूळ झालं तर ती मात्रा मागू नका. अंतिम डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या वर नको, ०.१ असेल तर उत्तम, आणि तेवढ्याच डीएमएसओचा स्वतंत्र कंट्रोल (तुलनेसाठी अर्काविना ठेवलेल्या पेशी) हवाच.

चाचणी: एमटीटी की एसआरबी

बहुतेक दरपत्रकांत पहिली ओळ एमटीटीची असते. ही पद्धत १९८३ मध्ये मॉसमन यांनी मांडली. ९६ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलमध्ये ५,००० ते १०,००० पेशी टाकतात, २४ तास चिकटू देतात, मग अर्क घालून २४, ४८ किंवा ७२ तास ठेवतात. नंतर पिवळं एमटीटी घालतात, अंतिम प्रमाण मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम. जिवंत पेशींतली एन्झाइमं तीन-चार तासांत त्याचे जांभळे फॉर्मॅझान स्फटिक करतात, ते डीएमएसओमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरवर वाचतात. जांभळा गडद तितक्या पेशी जिवंत, असा हिशोब.

अळिंबीच्या अर्काला हा हिशोब तसाच्या तसा लागू पडत नाही. अळिंबीत फिनॉलिक पदार्थ आहेत, अर्गोथायोनीन आणि ग्लुटाथायोन आहेत. यांतले क्षपण करू शकणारे पदार्थ पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करतात. परिणाम असा की पेशी मेलेल्या असतात आणि वेल जांभळी दिसते.

आकड्यांत बघू. समजा कोऱ्या माध्यमाचं वाचन ०.०६, नुसत्या पेशींचं ०.८२, आणि १०० मायक्रोग्रॅम अर्क दिलेल्या पेशींचं ०.६१. अहवालातलं नेहमीचं गणित करा: ०.६१ वजा ०.०६ म्हणजे ०.५५, भागिले ०.७६, उत्तर ७२ टक्के पेशी जिवंत. आता एका वेलमध्ये पेशी न टाकता फक्त अर्क आणि एमटीटी ठेवलं आणि तिथे ०.२५ वाचन आलं, तर खरा हिशोब ०.६१ वजा ०.२५, म्हणजे ०.३६ भागिले ०.७६. जिवंत पेशी ४७ टक्के. त्याच प्लेटवरून एक अहवाल ‘क्रिया क्षीण’ म्हणेल आणि दुसरा याच मात्रेवर आयसी-५० ओलांडल्याचं सांगेल.

पेशीविरहित अर्काची ही वेल प्रत्येक मात्रेला हवी. मागितली तर प्रयोगशाळा घालतात, न मागता घातल्याचं फार क्वचित दिसतं. या सेवेतली ही सगळ्यात मोठी उणीव आहे, असं आम्ही ठामपणे म्हणतो. अर्क काढून टाकून, पेशी फॉस्फेट बफरनं एकदा धुऊन मग एमटीटी घालणं हाही उपाय आहे, पण अर्धवट सुटलेल्या पेशी त्यात वाहून जातात आणि उलट दिशेची चूक होते.

म्हणून रंगीत किंवा फिनॉलिक अर्कांसाठी आम्ही एसआरबी सुचवतो. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या चाळणीसाठी ती बसवली गेली. यात पेशी थंड ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लानं जागच्या जागी स्थिर करतात, धुतात, सल्फोरोडामाइन-बीनं त्यांची प्रथिनं रंगवतात, १ टक्का अॅसेटिक आम्लानं जादा रंग काढतात आणि ट्रिसमध्ये विरघळवून वाचतात. अर्क आधीच धुतला जातो आणि एन्झाइमांशी संबंध येत नाही, त्यामुळे वरची भानगड टळते. शिवाय स्थिर केलेली प्लेट काही दिवस ठेवून नंतरही वाचता येते. खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रात, एसआरबीवर आधारित औषध-चाळणीची सुविधा चालत आली आहे. विद्यार्थ्यांनी खासगी दरपत्रकं मागवण्याआधी तिथे चौकशी करावी.

पेशी कुठल्या निवडायच्या? दरपत्रकात एमसीएफ-७ स्तनाच्या, हेला गर्भाशयमुखाच्या, ए-५४९ फुप्फुसाच्या, हेप-जी२ यकृताच्या, एचटी-२९ मोठ्या आतड्याच्या अशा ओळी असतात. हेला साधारण दिवसभरात दुप्पट होतात, एमसीएफ-७ ना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पेशीविभाजन रोखणारा पदार्थ संथ पेशींवर २४ तासांत काही दाखवणारच नाही. ४८ तास किमान मागा, ७२ मिळाले तर चांगलं. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीकोषातून घेतल्या का, कितव्या पिढीच्या आहेत, मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा अतिसूक्ष्म जिवाणू) तपासणी शेवटची कधी झाली, हे ईमेलवर लिहून घ्या. मायकोप्लाझ्मा लागलेल्या पेशी एमटीटीचं वाचन आपल्या मनानं खाली-वर करतात.

कॉर्डिसेप्स मिलिटॅरिसवर काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. आता ती बंद खोलीत पिकवतात आणि तिच्यातल्या कॉर्डिसेपिनची चर्चा फार आहे. पण अॅडेनोसिन डीअॅमिनेज हे एन्झाइम कॉर्डिसेपिन मोडतं, आणि माध्यमात घातलेल्या वासराच्या सीरममध्येही ते असतं. सीरम किती टक्के होतं हे न लिहिता दिलेली आयसी-५० दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळत नाही, ती यामुळेही.

अहवाल कसा वाचायचा

अहवालात सहसा टक्केवारीचा तक्ता, एक आलेख, पेशींचे दोन-तीन फोटो आणि निष्कर्षाचं वाक्य असतं. निष्कर्ष शेवटी वाचा. आधी कच्ची वाचनं आहेत का ते बघा. नसतील तर मागा. ती तुमच्या पैशानं तयार झाली आहेत, आणि एक्सेल फाइल पाठवायला कुणी आढेवेढे घेतले तर ती प्रयोगशाळा पुढच्या वेळी बाद करा.

मग डॉक्सोरुबिसिनसारख्या माहीत असलेल्या औषधाचा कंट्रोल त्याच प्लेटवर, त्याच दिवशी होता का? जुन्या प्लेटवरचा आकडा चिकटवलेला असतो, तो कामाचा नाही. एकाच प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या पेशी पसरवून केलेले तीन प्रयोग असतील तरच आलेखावरच्या त्रुटीपट्ट्यांना (एरर बार) अर्थ आहे. कडेच्या वेलमधलं पाणी इन्क्युबेटरमध्ये जास्त उडतं, म्हणून कडेला नुसता बफर भरतात. प्लेटचा नकाशा मागवून कडेच्या वेलमध्ये तुमचा नमुना बसवला होता का ते तपासा.

आलेख सरळ रेषेचा असेल तर सावध व्हा. मात्रा आणि परिणामाचं नातं लॉग मापावर एस आकाराचं असतं. १०, २०, ४०, ८० अशा चार मात्रांतून सरळ रेषा ओढून ‘आयसी-५० = २१२’ लिहिलेलं दिसतं, म्हणजे तपासलेल्या सर्वात मोठ्या मात्रेच्या कितीतरी पुढे. तिथे फक्त ‘८० पेक्षा जास्त’ एवढंच लिहिता येतं.

आणि तो आकडा किती असला म्हणजे चांगला? कच्च्या अर्कासाठी मिलिलिटरला २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत आयसी-५० असेल तर पुढे जाण्यासारखं मानतात, शुद्ध संयुगाला ही मर्यादा बरीच खाली, ४ मायक्रोग्रॅमच्या आसपास धरतात. ४०० मायक्रोग्रॅमला ‘मध्यम क्रिया’ म्हणणारे अहवाल आहेत. माणसाच्या पाच लिटर रक्तात एवढं प्रमाण आणायचं तर २ ग्रॅम अर्क एका वेळी जसाच्या तसा रक्तात उतरलेला लागेल. असं होत नाही.

सोबत कर्करोगाच्या नसलेल्या, तुलनेला वापरतात त्या पेशींवरचा आकडाही हवा. एल-९२९ किंवा व्हेरो पेशींवरची आयसी-५० भागिले कर्कपेशींवरची आयसी-५०, म्हणजे निवडकता. ती एकाच्या आसपास असेल तर अर्क सगळ्यांनाच मारतोय. एचईके-२९३ ला ‘सामान्य पेशी’ म्हणून दाखवतात, पण त्या विषाणूच्या जनुकांनी अमर केलेल्या पेशी आहेत. एमटीटीवरून ‘अॅपॉप्टोसिस (पेशीचा आतून ठरवून होणारा मृत्यू) घडवतो’ असं वाक्य कुणी लिहिलं असेल तर ते सरळ खोडा. त्यासाठी अॅनेक्सिन आणि प्रॉपिडियम आयोडाइडची फ्लो सायटोमेट्री, कॅस्पेज-३ अशा वेगळ्या चाचण्या आहेत आणि त्यांचे पैसेही वेगळे.

बीटा-ग्लुकानसाठी ही सेवाच चुकीची

शिताके अळिंबीतलं लेंटिनान हे बीटा-ग्लुकान जपानमध्ये १९८५ साली जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला वापरायला मान्यताप्राप्त झालं, हा दाखला प्रकल्पाच्या प्रस्तावनेत हमखास असतो. त्याच प्रकल्पात पुढे पॉलिसॅकराइडची एमटीटी केलेली असते आणि क्रिया दिसली नाही म्हणून निराशाही व्यक्त केलेली असते. लेंटिनान कर्कपेशीला थेट मारतं म्हणून वापरलं गेलं नाही. बीटा-ग्लुकान मॅक्रोफेजसारख्या (जंतू गिळणाऱ्या) प्रतिकारक पेशींवरच्या डेक्टिन-१ या ग्राहकाला चिकटतं आणि प्रतिकारशक्तीला हलवतं. प्लेटमध्ये फक्त कर्कपेशी असतील तर हलवायला तिथे कुणी नसतंच.

यासाठी आरएडब्ल्यू २६४.७ या मॅक्रोफेज पेशींवर नायट्रिक ऑक्साइड आणि टीएनएफ-अल्फा (प्रतिकारशक्ती जागी झाल्याचं संकेत-प्रथिन), किंवा टीएचपी-१ पेशींवर टीएनएफ-अल्फा मोजून मागा. आणि आधी एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या विषाची) एलएएल चाचणी करा, तीही ग्लुकानला प्रतिसाद न देणारी. ओल्या अळिंबीवर जिवाणू असतातच, त्यांचं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे हेच एंडोटॉक्सिन, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून सुटतं, ऑटोक्लेव्हलाही दाद देत नाही आणि मॅक्रोफेजना ग्लुकानपेक्षा जोरात चेतवतं. एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन-बी घातल्यावर परिणाम गळून पडला तर तो जिवाणूंचा होता.

इथेच बाजारातल्या अळिंबी कॅप्सूलबद्दलही सांगायला हवं, कारण लोक असे अहवाल दाखवूनच त्या विकतात. डब्यावर ‘पॉलिसॅकराइड ३० टक्के’ लिहिलेलं असलं तरी त्यात स्टार्चही मोजला जातो. कॅप्सूल फोडून भुकटी गरम पाण्यात ढवळा, थंड होऊ द्या आणि आयोडीनचे दोन थेंब टाका. गडद निळं-काळं झालं तर आत स्टार्च आहे. कर्करोग बरा होतो अशी जाहिरात १९५४ च्या औषध आणि जादूई उपाय कायद्यानं गुन्हा आहे, आणि पूरक आहाराच्या डब्यावर तो औषधी वापरासाठी नसल्याचं छापणं बंधनकारक आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या हातात अशी कॅप्सूल देण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा.

ऑर्डर देताना

दर सहसा ‘एक नमुना, एक पेशीप्रकार’ असा लावतात. तीन अर्क आणि चार पेशीप्रकार म्हणजे बारा चाचण्या, वर जीएसटी. पैसे मर्यादित असतील तर पेशीप्रकार कमी करा आणि कंट्रोल वाढवा. दोन कर्कपेशीप्रकार, एक सामान्य, कडब्याचा अर्क आणि पेशीविरहित वेल, या रचनेतून पाच कर्कपेशीप्रकारांच्या कोऱ्या यादीपेक्षा खूप जास्त कळतं.

कोरडा अर्क घट्ट झाकणाच्या काचेच्या कुपीत, पॅराफिल्म लावून, तपकिरी किंवा फॉइल गुंडाळून पाठवा. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पार्सल गाडीत तासन्‌तास पडून राहतं, तेव्हा जेल पॅकसह थर्माकोलच्या डब्यात ठेवा आणि शनिवारी पोहोचेल असं पाठवू नका. कुपीवर शाईनं लिहू नका, अल्कोहोलचा हात लागला की पुसतं. पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी आणि वर टेप. अर्ध्याहून अधिक अर्क उणे २० अंशांवर स्वतःकडे ठेवा, कारण शंका आली तर तीच कुपी पुन्हा तपासायची असते.

पहिल्या फेरीत क्रिया दिसली तर अर्क हेक्झेन, इथाइल अॅसिटेट, ब्युटेनॉल आणि पाणी असा विभागून चारही भाग पुन्हा पाठवा. क्रिया हेक्झेनमध्ये एकवटली तर लगेच हुरळून जाऊ नका. तिथे अर्गोस्टेरॉल पेरॉक्साइड असतं, तसं मोकळं लिनोलेइक आम्लही असतं, आणि मोकळी मेदाम्लं प्लेटमधल्या पेशींना सहज मारतात. सीरममधलं अल्ब्युमिन ही मेदाम्लं धरून ठेवतं. म्हणून हा भाग एकदा ५ टक्के आणि एकदा १० टक्के सीरममध्ये तपासून मागा. सीरम वाढल्यावर क्रिया विरली तर पुढच्या शुद्धीकरणावर खर्च करण्याआधी गॅस क्रोमॅटोग्राफीवर मेदाम्लांचा हिशोब करून घ्या.